कोणी किती आत यायचं?
पॅरिसच्या जुन्या सरदारी घरांची रचना

मराठी माणसाला हॉटेल म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात. एक चहा-मिसळीचं हॉटेल, दुसरं परगावी मुक्कामाचं. पॅरिसला पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा म्हणूनच हमखास गोंधळ होतो. ‘ओतेल द व्हील’ ही टोलेजंग इमारत निघते नगरपालिकेची. नोत्र दाम चर्चच्या शेजारचं ‘ओतेल-दिय’ हे रुग्णालय असतं. आणि मारे नावाच्या जुन्या भागात शिरलं, की गल्लोगल्ली ओतेलंच ओतेलं: ओतेल द सुली, ओतेल द बोव्हे, ओतेल साले, ओतेल कार्नाव्हाले. यांतल्या एकातही रात्रीपुरती खोली मिळत नाही.

घोळ शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमध्ये पाहुण्यासाठी जो शब्द होता, त्यातूनच हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द निघाले. फ्रेंच लिहिताना ‘ओतेल’मधल्या ‘ओ’वर छपराच्या आकाराची एक छोटी खूण करतात. बोलता बोलता गळून गेलेल्या ‘स’ची ती खूण. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा एक अर्थ होता, शहरातलं मोठं राहतं घर. त्याला ‘पार्तिक्युलिए’, म्हणजे खासगी, हे विशेषण लागलं की अर्थ होतो एका घराण्याचा स्वतःचा वाडा. सरदार, न्यायाधीश, कर वसुलीचे मक्तेदार, राजाला पैसा पुरवणारे धनिक, अशा लोकांनी हे वाडे बांधले.

शब्दाचा उलगडा झाला, तरी त्याहून मोठं कोडं रस्त्यावर उभं असतं. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं इतकं काही होतं, त्यांनी रस्त्याच्या बाजूला बांधली ती बऱ्याचदा एक उंच, जवळजवळ कोरी भिंत आणि तिच्यात एक भलंमोठं दार. वाडा दिसतच नाही. श्रीमंती मिरवायची होती, तर ती भिंतीआड कशासाठी लपवली?

उत्तर शोधायला मारेतल्या एका वाड्यात पायरी-पायरीने आत जावं लागतं. सँत-आंत्वान रस्त्यावरचा ६२ क्रमांकाचा ओतेल द सुली त्यासाठी उत्तम. कारण या प्रकारच्या घराचे सगळे अवयव तिथे आजही जागच्या जागी आहेत.

दलदलीतली वस्ती

‘मारे’ म्हणजे दलदल. सीन नदीच्या उत्तरेची ही सखल, पाणथळ जमीन कष्टाने कोरडी करून तिथे भाजीचे मळे झाले होते. १६०५ मध्ये राजा चौथ्या हेन्रीने या भागात एक चौरस राजचौक बांधायला घेतला. भोवती एकसारखी घरं, लाल वीट, फिकट दगड, वर निळसर काळ्या पाटीच्या दगडाची उतरती छपरं. १६१२ मध्ये त्याचं थाटात उद्घाटन झालं. आज त्याला प्लास दे व्होज म्हणतात. राजाने चौक बांधला म्हटल्यावर आसपासच्या जमिनीला भाव आला आणि बड्या लोकांची तिथे घर बांधण्यासाठी रीघ लागली.

त्यांच्यात मेम गाले नावाचा एक धनिक होता. सरकारी पैशाच्या उलाढालीत त्याने माया जमवली होती. १६२५च्या सुमारास त्याने राजचौकाच्या पाठीलाच वाडा बांधायला घेतला आणि पाचेक वर्षांत तो उभा राहिला. आराखड्याचं श्रेय जाँ आंद्रुए द्यु सेर्सो या वास्तुकाराला दिलं जातं. गालेला मात्र हे घर लाभलं नाही. त्याची घडी विसकटली आणि वाडा विकावा लागला. १६३४ मध्ये तो विकत घेतला माक्सिमिलियाँ द बेत्यून, म्हणजे सुलीच्या ड्यूकने. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

हा सुली साधा असामी नव्हता. धर्मयुद्धांनी पोखरलेल्या फ्रान्सचा खजिना त्याने सावरला होता, रस्ते दुरुस्त केले होते, शेतीला आधार दिला होता. चौथ्या हेन्रीचा तो उजवा हात. १४ मे १६१० रोजी आजारी सुलीला भेटायला राजा घोडागाडीतून निघाला. अरुंद गल्लीत पुढे दुसरी गाडी आडवी आल्याने राजाची गाडी खोळंबली. तेवढ्यात राव्हायाक नावाच्या माणसाने चाकावर पाय देऊन वर चढत राजाला भोसकलं. पुढच्याच वर्षी सुली कारभारातून बाहेर पडला.

राजाच्या जिवावर बेतलेला हा प्रसंग वाड्यांच्या रचनेशीही जोडलेला आहे. पॅरिसच्या गल्ल्या माणसांसाठी आणि खेचरांसाठी होत्या. त्यांत आता चार चाकांची, छताची, प्रतिष्ठेची घोडागाडी आली होती. ती कुठून आत घ्यायची, कुठे वळवायची आणि कुठे उभी करायची, हे ठरवता ठरवता घराचा नकाशाच बदलला.

दार: गाडीच्या मापाचं

वाड्याच्या दाराला फ्रेंचमध्ये ‘पोर्त कोशेर’ म्हणतात. ‘कोश’ म्हणजे घोडागाडी, म्हणून हे गाडीचं दार. त्याची उंची माणसाच्या मापाने ठरत नाही, उंच बैठकीवर बसलेल्या गाडीवानाच्या मापाने ठरते. चालत येणाऱ्यासाठी मोठ्या फळीतच एक छोटी फळी बसवलेली असते. आपल्याकडे तिला दिंडी दरवाजा म्हणतात. एवढं अजस्र दार उठसूट उघडायला नको, म्हणून दोन्हीकडच्या कारागिरांनी तीच युक्ती काढली.

या दाराशी क्षणभर खाली वाकून पाहावं. दोन्ही बाजूंना भिंतीच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीचा, बाहेरच्या अंगाला उतरता असा एकेक दगड रोवलेला असतो. काही ठिकाणी त्याला लोखंडाची पट्टीही असते. गाडीच्या चाकाचा तुंबा बाहेर आलेला असतो. गाडीवानाचा अंदाज थोडा चुकला, तर तो तुंबा दाराच्या कोरीव चौकटीला घासून टवके काढणार. हा दगड चाकालाच आधी अडवतो आणि उतारामुळे चाक घसरून पुन्हा मधल्या वाटेवर येतं. पॅरिसमधल्या कितीतरी जुन्या दारांशी हे दगड अजून आहेत. शेकडो वर्षांच्या धडकांनी त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत.

आता कोऱ्या भिंतीचं कोडं. पहिलं कारण रोजच्या जगण्यातलं. रस्त्यावर चिखल, घाण वास, चाकांचा खडखडाट आणि अधूनमधून दंगल. भिंतीने ते सगळं बाहेर राहतं. दुसरं कारण प्रतिष्ठेचं. ज्याचं पोट रस्त्यावर चालतं, त्या दुकानदाराला आणि कारागिराला रस्त्याकडे तोंड करूनच बसावं लागतं. रस्त्याकडे पाठ फिरवून राहता येणं, हीच मोठेपणाची खूण होती. थाट होता, पण तो वाटसरूसाठी नव्हता. ज्याला दार उघडलं जाई, त्याच्यासाठी होता. आणि दार कोणाला उघडायचं, हे देवडीवरचा पहारेकरी ठरवी. बड्या घरच्या या पहारेकऱ्यांना सरसकट ‘स्विस’ म्हणत, कारण या कामावर पुष्कळदा स्वित्झर्लंडची माणसं असत.

सुली वाड्याला रस्त्यावर पूर्ण कोरी भिंत नाही. दोन कोपऱ्यांत दोन उंच इमारती आणि त्यांच्या मध्ये ठेंगणा दरवाजा, अशी मांडणी आहे. पण तत्त्व तेच. खरा वाडा त्या दाराच्या पलीकडे, चौक ओलांडून आहे.

चौक: पाहुणा तोलायची जागा

दारातून आत शिरलं की फरसबंदी चौक लागतो, ‘कूर द’ओनर’ म्हणजे मानाचा चौक. समोर मुख्य इमारत आणि दोन्ही अंगांना पुढे आलेल्या इमारतींचे हात. वरून पाहिलं तर मुख्य इमारत जणू दोन्ही हात पसरून पाहुण्याला कवेत घेते आहे.

या चौकाचं पहिलं काम वाहतुकीचं. गाडी आत यावी, पायऱ्यांशी थांबावी, पाहुणा उतरावा आणि गाडी गोल वळून बाहेर पडावी, एवढी जागा हवी. दुसरं काम दर्शनाचं. रस्त्यावर हात आखडून ठेवलेलं सगळं कोरीवकाम इथे मोकळेपणाने येतं. सुली वाड्याच्या चौकात सहा मोठ्या मूर्ती भिंतीत कोरलेल्या आहेत. चार महाभूतं, म्हणजे पृथ्वी, आप, तेज आणि वायू, आणि दोन ऋतू, शरद आणि शिशिर. उरलेले दोन, वसंत आणि ग्रीष्म, चौकात नाहीत. ते मागे बागेच्या बाजूला आहेत. म्हणजे मूर्तींचा संच पुरा पाहायचा, तर घर पार करून बागेपर्यंत पोचण्याइतकी पाहुण्याची पत असायला हवी.

तिसरं काम सर्वांत नाजूक. यजमान पाहुण्याला घ्यायला कुठपर्यंत बाहेर येतो, यावर पाहुण्याचा मान ठरे. फार मोठा माणूस असेल तर यजमान पायऱ्या उतरून गाडीपाशी जाई. बरोबरीचा असेल तर जिन्याच्या तोंडाशी थांबे. कमी दर्जाचा असेल तर जागचा हलतही नसे. चौकातल्या खिडक्यांमधून हे सगळं घर पाहत असे.

इथे मराठी वाड्याशी एक महत्त्वाचा फरक दिसतो. आपल्या वाड्याचा आतला चौक घरच्यांचा असतो. वाळवणं, लहान मुलं, तुळस, सगळं तिथेच. फ्रेंच वाड्यात चौक पाहुण्यांचा आणि घरच्यांची निवांत जागा म्हणजे मागची बाग. घर या दोहोंच्या मध्ये. म्हणूनच या रचनेचं फ्रेंच वर्णन ‘चौक आणि बाग यांच्या मधलं’ असं केलं जातं.

जिना मधे की बाजूला?

सुली वाड्याचा जिना मुख्य इमारतीच्या बरोबर मध्यभागी आहे. सरळ पायऱ्यांचा, डोक्यावर कोरीव दगडी छत असलेला. चौकातून पाहिलं तर सगळं प्रमाणबद्ध वाटतं. पण घर वापरणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर यात एक मोठी गैरसोय आहे. जिना घराचे दोन तुकडे करतो. डावीकडच्या दालनांतून उजवीकडे जायचं, तर दर वेळी जिन्याच्या गारठ्यात यावं लागतं.

या गैरसोयीवर पॅरिसमध्ये आधीच एक तोड निघाली होती आणि तिचं श्रेय एका गृहिणीला दिलं जातं. मार्कीज द राँबुये या सरदारपत्नीने लूव्ह्रजवळचं आपलं घर नव्याने बांधून घेताना जिना मधून उचलला आणि एका बाजूला नेला. समजा, घर म्हणजे एक कापडाचा तागा. मध्ये कापलं तर दोन तुकडे, कडेला कापलं तर जवळजवळ सगळं कापड अखंड. जिना कडेला गेल्यावर दालनांची एक लांबलचक, न तुटलेली रांग मिळाली. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ही युक्ती सर्वत्र रुजली.

दालनांची माळ

सुली वाड्याची मुख्य इमारत एका दालनाच्या रुंदीची आहे. म्हणजे प्रत्येक दालनाला एका बाजूने चौकाचा आणि दुसऱ्या बाजूने बागेचा उजेड. पण मग पॅसेजला जागाच नाही. पुढच्या खोलीत जायचं तर मधल्या सगळ्या खोल्या ओलांडूनच. आजच्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्या काळी मात्र नेमकं हेच हवं होतं.

ओसरी, माजघर, देवघर या क्रमात कोणी कुठवर यायचं हे जुन्या मराठी घरात न सांगता ठरलेलं असे. फ्रेंच वाड्याचं गणित त्याच जातीचं होतं. आधी येई ‘आंतिशाम्ब्र’, म्हणजे दालनाआधीची खोली. तिथे नोकर बसत, अर्ज घेऊन आलेले लोक ताटकळत, प्रसंगी जेवणही होई. त्यानंतर ‘शाम्ब्र’, पलंगाचं दालन. आणि शेवटी ‘काबिने’, सर्वांत लहान खोली. कागदपत्रं, चित्रं, मौल्यवान वस्तू आणि खासगी बोलणं यांची जागा. खोली जितकी लहान आणि आत, तितका तिथवर पोचलेल्याचा मान मोठा.

पलंगाच्या दालनात पाहुणे? हो. सतराव्या शतकात पलंग हा झोपण्याइतकाच बैठकीचाही भाग होता. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत जवळची मंडळी खुर्च्या-तिवया टाकून बसत. त्या जागेला ‘र्युएल’, म्हणजे बोळ, म्हणत. राँबुयेबाईंच्या निळ्या दालनात अशाच बैठकांमधून त्या काळच्या लेखक-कवींची ऊठबस झाली.

सगळ्या दालनांची दारं एका रेषेत, खिडक्यांच्या जवळ ठेवायची पद्धत होती. तिला ‘आँफिलाद’ म्हणतात. त्याचा अर्थ दोऱ्यात ओवलेलं. सुईतून दोरा जावा तशी नजर पहिल्या दारातून थेट शेवटच्या खोलीच्या खिडकीपर्यंत जाते. पहिल्याच दालनात अडवलेल्या माणसालाही पुढे केवढं घर आहे ते दिसतं, पण तिथे जाता येत नाही.

या दालनांत सामान आजच्यासारखं कायमचं मांडलेलं नसे. वेगळी जेवणाची खोली रूढ झाली ती अठराव्या शतकात. त्याआधी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून टेबल हवं तिथे उभारत आणि जेवण झालं की मोडून ठेवत. फ्रेंचमध्ये फर्निचरला शब्द आहे ‘मब्ल’, म्हणजे हलवता येणारं, आणि इमारतीला ‘इमब्ल’, म्हणजे न हलणारं. मराठी दस्तऐवजातली स्थावर आणि जंगम मालमत्ता ती हीच.

ताटावरून दाराशी

दाराच्या आत असणं आणि बाहेर असणं यांत किती अंतर होतं, ते सुली वाड्यानेच १७२६च्या सुरुवातीला दाखवून दिलं. व्होल्तेर तेव्हा तिशी ओलांडलेला, गाजू लागलेला कवी-नाटककार होता. बड्या घरांत त्याला आमंत्रणं असत. रोआं घराण्यातल्या एका सरदाराशी, शेव्हालिए द रोआंशी, त्याची शाब्दिक चकमक झाली. काही दिवसांनी सुलीच्या वंशजाकडे व्होल्तेर जेवत असताना निरोप आला, दाराशी कोणीतरी भेटायला आलं आहे. तो बाहेर गेला आणि शेव्हालिएच्या नोकरांनी त्याला काठ्यांनी झोडपलं. शेव्हालिए गाडीत बसून पाहत होता.

व्होल्तेर परत आत आला आणि यजमानाने आपल्या बाजूने उभं राहावं अशी त्याने विनवणी केली. ड्यूकने नकार दिला. टेबलाशी व्होल्तेर मानाचा पाहुणा होता, पण सरदाराविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तेव्हा तो एका नोटरीचा मुलगा ठरला. त्याने द्वंद्वाची तयारी सुरू केली, तर त्यालाच बास्तीयच्या तुरुंगात टाकण्यात आलं आणि सुटकेनंतर तो इंग्लंडला गेला. तिथे पाहिलेल्या जगावर त्याने पुढे लिहिलेलं पुस्तक पॅरिसमध्ये जाळण्यात आलं.

पडद्यामागची वाट

एवढं मोठं घर चालायचं ते नोकरांच्या जिवावर. सुरुवातीला तेही त्याच दालनांतून ये-जा करत. पुढे वास्तुकारांनी मुख्य दालनांच्या मागे अरुंद वाटा आणि छोटे जिने काढले. त्यांना ‘देगाजमाँ’, म्हणजे मोकळी करणारी वाट, म्हणत. भिंतीच्या लाकडी तक्त्यांत बेमालूम मिसळलेलं दार उघडे, नोकर पाणी किंवा लाकडं ठेवून दिसेनासा होई. अठराव्या शतकात तारेने ओढायच्या घंटा आल्या. हाक ऐकू यावी म्हणून नोकराला शेजारच्या खोलीत बसवून ठेवायची गरज कमी झाली आणि मालकांना पहिल्यांदाच खरा एकांत मिळू लागला.

त्याच शतकात खोल्या लहान होत गेल्या. कारण सोपं आहे. उंच दालन तापवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. गरम हवा वर जाते आणि माणसं खाली कुडकुडतात. समारंभाची भव्य दालनं राहिली, पण रोजच्या राहण्यासाठी कमी उंचीच्या, उबदार खोल्या वेगळ्या झाल्या. शेकोटीच्या वर मोठे आरसे आले. ओतीव काचेचे मोठे तक्ते बनवण्याची कला फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस साधली होती. आरशापुढे लावलेली मेणबत्ती तेवढ्याच मेणात दुप्पट उजेड देई.

घोडे, शेण, धुणं आणि स्वयंपाकाचा धूर यांच्यासाठी मोठ्या वाड्यांना बाजूला दुसरा चौक असे, ‘बास-कूर’ म्हणजे खालचा चौक. स्वयंपाकघर इतकं दूर की ताट येईपर्यंत अन्न निवे. वास आणि आगीचा धोका टळतो म्हणून ते सोसलं जाई.

वाकडी जागा, सरळ वाडा

हे सगळं चौकोनी जागेवर जमतं. पण जुन्या शहरात सरळ जागा मिळते कुठे? वास्तुकाराची खरी परीक्षा तिथे होती.

राजमाता ॲनच्या विश्वासातली कात्रीन बेलिए हिच्यासाठी आंत्वान ल पोत्रने १६५५ ते १६६० दरम्यान ओतेल द बोव्हे बांधला. जागा जुन्या घरांच्या पायांवरची, फाटलेल्या कागदासारखी वेडीवाकडी. ल पोत्रने आधी मधोमध एक देखणा, प्रमाणबद्ध चौक आखला आणि उरलेल्या वाकड्या कोपऱ्यांत जिने, कोठ्या आणि तबेले कोंबले. वाकडेपणा गेला नाही, तो नजरेआड केला गेला. मागे बागेला जागा नव्हती, म्हणून त्याने ती वरच्या मजल्यावर गच्चीत केली. रस्त्याच्या बाजूला खाली भाड्याची दुकानं आणि वर सज्जा. याच वाड्यातून २६ ऑगस्ट १६६० रोजी राजमातेने चौदावा लुई आणि त्याची नववधू यांची पॅरिसमधली मिरवणूक पाहिली. १७६३ मध्ये सात वर्षांचा मोझार्ट कुटुंबासह इथे उतरला होता.

दुसरी युक्ती ओतेल द मातिन्योंमध्ये दिसते. जाँ कुर्तोनने १७२२ पासून बांधलेल्या या वाड्यात चौकाचा मध्य आणि बागेचा मध्य एका रेषेत येत नव्हते. त्याने दोन्ही बाजूंचे दर्शनी भाग आपापल्या मध्याभोवती प्रमाणबद्ध केले आणि फरक आतल्या खोल्यांमध्ये जिरवला. चौकात उभ्या माणसाला बाग दिसत नाही, बागेतल्याला चौक दिसत नाही. दोन्ही बाजू एकदम पाहणारा कोणी नसतोच, त्यामुळे दोघांनाही घर बरोबर मध्यावर वाटतं.

मालक गेले, घरं राहिली

१६८२ मध्ये चौदाव्या लुईने दरबार व्हर्सायला हलवला. सरदार तिकडे गेले. १७१५ मध्ये तो वारला आणि दरबार काही वर्षांसाठी पॅरिसला परतला, तेव्हा नव्या वाड्यांची लाट आली. पण आता पसंती नदीच्या पलीकडच्या फोबूर सँ-जेर्मँला होती, कारण तिथे मोठ्या बागांना जागा होती. मारे मागे पडलं. १७८९च्या क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्यांची घरं जप्त झाली. मारेतल्या वाड्यांत कारखाने, गुदामं आणि भाडेकरू आले. चौकांत पत्र्याच्या आणि काचेच्या शेड उभ्या राहिल्या.

सुली वाड्याचंही तेच झालं. अठराव्या शतकात तो सुली घराण्याच्या हातून गेला. रस्त्याकडच्या बाजूला दुकानं आली, दोन इमारतींच्या मधली मोकळी जागाही बांधकामाने भरली. १८६२ मध्ये त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तरी १९४४ मध्ये सरकारने तो विकत घेईपर्यंत त्याला खरा वाली नव्हता. मग अनेक वर्षं दुरुस्ती चालली. १९६२ मध्ये संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. एकेका इमारतीऐवजी जुन्या वस्त्या अख्ख्या जपायच्या, हा त्याचा गाभा. मारे वाचलं ते त्यामुळे.

हे वाडे टिकले, कारण त्यांची रचना नव्या कामांना चपखल बसली. देवडी, चौक आणि एकामागून एक दालनं ही मांडणी कचेरीलाही चालते आणि संग्रहालयालाही. मातिन्यों आता फ्रान्सच्या पंतप्रधानांचं निवासस्थान आहे. मिठावरच्या कराच्या वसुलीत गब्बर झालेल्या मालकामुळे ‘साले’, म्हणजे खारट, हे नाव पडलेल्या वाड्यात १९८५ पासून पिकासो संग्रहालय आहे. एके काळी क्रीयों घराण्याचा असलेला वाडा तर १९०९ मध्ये आजच्या अर्थाने हॉटेल झाला.

चौकटीत: रस्त्यापासून बागेपर्यंत

• पोर्त कोशेर: गाडीच्या मापाचं दार. त्यातच दिंडी, पायथ्याशी चाक अडवणारे दगड.
• कूर द’ओनर: मानाचा चौक. गाडी वळते, पाहुण्याचा दर्जा ठरतो.
• कोर द लोजी: मुख्य इमारत. पुढे चौक, मागे बाग.
• आंतिशाम्ब्र, शाम्ब्र, काबिने: ताटकळण्याची, भेटीची आणि खासगी बोलण्याची खोली. जितकी आत, तितका मान.
• आँफिलाद: एका रेषेत ओवलेली दारं.
• देगाजमाँ: नोकरांचे लपलेले जिने आणि वाटा.
• बास-कूर: तबेले आणि स्वयंपाकघर यांचा चौक.

बागेच्या टोकाचं दार

सुली वाड्यात आता राष्ट्रीय स्मारकांची देखभाल करणाऱ्या संस्थेची कचेरी आहे. चौक आणि बाग दिवसा सर्वांना खुली असते. सँत-आंत्वान रस्त्यावरच्या दारातून शिरावं, फरसबंदीवरून चौक ओलांडावा, पायऱ्या चढून मुख्य इमारतीच्या पोटातून पलीकडे उतरावं. मागे वळून पाहिलं की चौकात न दिसलेले दोघं, वसंत आणि ग्रीष्म, भिंतीवर उभे असतात. पुढे आखीव बाग आणि तिच्या शेवटी दक्षिणेकडे तोंड केलेली संत्र्यांच्या झाडांची इमारत. पॅरिसच्या थंडीत कुंड्यांमधली ही झाडं आत घ्यायची आणि उंच खिडक्यांतून येणाऱ्या हिवाळ्याच्या तिरप्या उन्हावर जगवायची, यासाठी ती बांधली होती.

तिच्या कोपऱ्यात एक लहानसं दार आहे. पलीकडे प्लास दे व्होजच्या कमानी सुरू होतात. आज शाळकरी मुलं, दप्तरं सावरत, जवळची वाट म्हणून याच रस्त्याने जातात. दारावर त्यांना कोणी अडवत नाही.